घरगुती ध्वनिमुद्रण : मायक्रोफोन वाढवावयाचे तर कसे?



घरच्या एका खोलींत बसून गाणें मुद्रित करणें ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. एक संगणक, एक बऱ्यापैकीं मायक्रोफोन आणि त्या दोहोंना जोडणारें, पुस्तकाएवढ्या आकाराचें 'ऑडिओ इंटरफेस' नांवाचें उपकरण, एवढ्या सामग्रीवर अनेक गायक, वादक, कथाकथनकार व शिक्षक आपला आवाज उत्तम प्रकारें मुद्रित करीत आहेत. या लहान उपकरणाला बहुधा दोनच माइक जोडतां येतात. एकट्या माणसाला ते पुरतात. गाणारा व वाजविणारा असे दोघे असले तरी भागतें. खरी अडचण उभी राहते ती मंडळी जमल्यावर.

अशी कल्पना करा कीं, आपल्या गांवच्या भजनी मंडळाचें गाणें मुद्रित करावयाचें आहे. मुख्य गाणारे बुवा, पेटीवाले, पखवाजी, एक वीणेकरी आणि आठदहा टाळकरी एवढी मंडळी आहेत. बुवांचें वय झालेलें आहे. त्यांच्या गळ्यांतील चाली कोणीं लिहून ठेवलेल्या नाहींत. सर्व मंडळी एकत्र जमण्याचा योग वर्षांतून एकदां येतो. अशा वेळीं मुद्रण बिघडलें तर तें पुन्हां करावयास मिळेलच असें नाहीं. यास्तव 'माझ्या घरच्या सामग्रीला आणखी माइक कसे जोडावे?' हा प्रश्न नुसत्या यंत्रांच्या हौशीचा राहत नाहीं. दुकानांत जाण्यापूर्वीं काय समजून घ्यावें, कोणकोणते मार्ग उपलब्ध आहेत आणि प्रत्येक मार्गानें जातांना काय मिळतें व काय गमवावें लागतें, हें आजच्या भाषणांत सांगण्याचा माझा विचार आहे.

बाजारांत 'इनपुट' हा शब्द फार सैलपणानें वापरला जातो; म्हणून प्रथम त्याचा अर्थ निश्चित करूं. बाहेरून पाहणाऱ्याला केबल खुपसण्याची एक गोल खांच तेवढी दिसते. परंतु माइकमध्यें शिरलेला आवाज संगणकांत नोंदला जाईपर्यंत त्याला चार गोष्टींचें साहाय्य लागतें.

पहिली गोष्ट प्रवर्धन. माइकपासून निघणारी वीज अतिशय क्षीण असते. साधारण गाण्याबोलण्याच्या आवाजानें डायनॅमिक जातीच्या माइकमध्यें जो विद्युत्-दाब उत्पन्न होतो, तो एका व्होल्टच्या एकदोन हजारांश एवढाच असतो. ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायांतील यंत्रें ज्या पातळीवर काम करतात, ती 'लाइन' पातळी सुमारें १.२३ व्होल्टची आहे. म्हणजे माइकची वीज जवळजवळ हजारपट, तंत्रज्ञांच्या भाषेंत ६० डेसिबल, वाढवावी लागते. हें काम 'प्रीअँप' करतो. दुसरी गोष्ट रूपांतर. वाढविलेल्या विजेचें मोजमाप सेकंदाला ४८,००० वेळां घेऊन प्रत्येक मापाची एक संख्या बनविली जाते. हल्लींच्या उपकरणांत ही संख्या २४ बिटांची असते. म्हणजे लहानांत लहान व मोठ्यांत मोठ्या मापाच्या दरम्यान १ कोटी ६७ लाखांहून अधिक पायऱ्या असतात. हें काम करणाऱ्या भागाला 'कन्व्हर्टर' म्हणतात. तिसरी गोष्ट घड्याळ. सेकंदांतील तीं ४८,००० मापें समान अंतरानें घेतलीं गेलीं पाहिजेत, आणि सर्व माइकांचीं मापें एकाच क्षणीं घेतलीं गेलीं पाहिजेत. चौथी गोष्ट म्हणजे संगणकापर्यंतची वाट. तींत जोडणारी केबल आली आणि संगणकांतील 'ड्रायव्हर' नांवाची आज्ञावलीही आली.

यांपैकीं वाटेची टंचाई क्वचितच असते. एका माइकच्या मुद्रणाला सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात. आठ माइक घेतले तरी हा आंकडा साडेअकरा लाखांच्या जवळपासच राहतो. म्हणजे सेकंदाला ९२ लाख बिट. यूएसबी २.० या जुन्या पद्धतीची केबलसुद्धां सेकंदाला ४८ कोटी बिट वाहून नेण्याच्या मापाची आहे. म्हणून 'अधिक माइकांसाठीं अधिक वेगवान केबल घ्या' असा सल्ला कोणीं दिला तर तो बाजूला ठेवावा. टंचाई असते ती प्रीअँपांची, कन्व्हर्टरांची, अथवा दोहोंची. आपल्या घरीं यांपैकीं काय कमी आहे, हें ठरविल्यावांचून खरेदी करूं नये.

तें ठरवितांना उपकरणाच्या खोक्यावरील मोठ्या आंकड्यानें फसूं नये. खोक्यावर '१८ इनपुट' असें छापलेलें असलें तरी त्यास १८ माइक जोडतां येतील असें नव्हे. अशा उपकरणांत पुष्कळदां माइकच्या खांचा चारच असतात. चार खांचा केवळ लाइन पातळीच्या असतात. आठ इनपुट प्रकाशाच्या केबलमधून यावयाचे असतात, आणि उरलेले दोन दुसऱ्या एका अंकीय खांचेंतून. बेरीज अठराच होते आणि छापणाऱ्यानें असत्य कांहींच सांगितलेलें नसतें. पण भजनी मंडळ दारांत उभें असतांना ही बेरीज कामास येत नाहीं. म्हणून माइकच्या खांचा, लाइनच्या खांचा व अंकीय खांचा अशा तीन वेगळ्या मोजण्या कराव्या. पुढील वाट त्यावरूनच ठरते.

सर्वांत सोपी परिस्थिति अशी कीं, आपल्या इंटरफेसला लाइनच्या चार खांचा आहेत आणि त्या रिकाम्या पडल्या आहेत. याचा अर्थ कन्व्हर्टर घरांत आहेत, प्रीअँप तेवढे नाहींत. चार प्रीअँपांचें एखादें स्वतंत्र उपकरण घेऊन त्याचे आउटपुट या खांचांना जोडले कीं काम झालें. घड्याळ एकच, वाट एकच. नवा गुंता कांहीं नाहीं. मात्र ज्या इंटरफेसला एकूण दोनच खांचा आहेत, त्याला बाहेरून कितीही उंची प्रीअँप जोडले तरी संख्या दोनाची तीन होत नाहीं. आवाजाचा पोत कदाचित् थोडा बदलेल, इतकेंच.

येथें एका खोट्या सोप्या वाटेविषयीं सावध करतों. दोन माइकांच्या केबल एकत्र करून एकाच खांचेंत घालणारी दुपाखी केबल बाजारांत मिळते. ती माइकसाठीं वापरूं नये. एका माइकची वीज दुसऱ्या माइकमध्यें शिरते, दोघांचाही आवाज क्षीण व विकृत होतो, आणि कोणाला किती वाढवावें हें हातांत राहत नाहीं.

दुसरा मार्ग मिक्सरचा. आठ माइकांचा मिक्सर आपल्याकडे गांवोगांवीं लग्नकार्यांत व उत्सवांत दिसतो. आठही माइक त्यांत जोडावे, त्याचे डावे व उजवे असे दोन आउटपुट आपल्या इंटरफेसच्या दोन खांचांत घालावे, म्हणजे आठांचा आवाज संगणकांत येतो. हा मार्ग स्वस्त आहे आणि विश्वासाचा आहे. त्याची किंमत मात्र दुसऱ्या रूपानें मोजावी लागते. माइक आठ झाले, पण मुद्रणाचे प्रवाह, ज्यांना 'ट्रॅक' म्हणतात, ते दोनच राहिले. पखवाज किती मोठा, बुवा किती जवळ, टाळ किती मागें, हा सगळा निवाडा मुद्रणाच्या क्षणींच होऊन जातो. पुरणांत मुरलेला गूळ जसा परत काढतां येत नाहीं, तसाच एकदां मिसळलेला टाळांचा कल्लोळ मागाहून कमी करतां येत नाहीं. मिश्र मुद्रणांतून गळा व वाद्यें वेगळीं काढणाऱ्या संगणकीय आज्ञावली अलीकडे निघाल्या आहेत, हें खरें. परंतु जें एकमेकांत मिसळलेलें आहे त्याची विभागणी त्या अनुमानानें करतात, आणि अनुमान चुकलें कीं गळ्यावर एक कृत्रिम, पाणचट झांक येते. दुरुस्तीचा तो शेवटचा उपाय समजावा. मुद्रणाची योजना त्याच्या भरंवशावर करूं नये.

मिक्सरच वापरावयाचा असेल, तर एक युक्ति ध्यानांत ठेवावी. मिक्सरवर प्रत्येक माइक डावीकडे वा उजवीकडे वळविण्याची एक खुंटी असते. बुवांचा माइक पूर्णपणें डावीकडे व बाकीचे सर्व पूर्णपणें उजवीकडे वळविले, म्हणजे एका ट्रॅकवर निखळ गळा व दुसऱ्यावर सर्व साथ असें मुद्रण होतें. मग निदान गळा व साथ यांचें प्रमाण मागाहून शांतपणें ठरवितां येतें. तसेंच, कांहीं मिक्सर यूएसबीच्या केबलमधून प्रत्येक माइकचा स्वतंत्र ट्रॅक संगणकाकडे पाठवितात, तर कांहीं केवळ मिसळलेले दोनच पाठवितात. दोहोंच्याही खोक्यावर 'यूएसबी' हीं अक्षरें सारखींच असतात. म्हणून विकत घेण्यापूर्वीं 'यूएसबीवर स्वतंत्र ट्रॅक किती?' हा प्रश्न अवश्य विचारावा.

मिसळून मुद्रण करणें हें मुळांतच हलकें काम आहे, असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग यांनीं कलकत्त्यास गोहरजान यांचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां माइक अस्तित्वांत असूनही मुद्रणाच्या कामीं येत नव्हता. गाणारा एका कर्ण्यापुढें बसे आणि आवाजाच्या धक्क्यानेंच सुई मेणावर रेघ ओढी. विद्युत् मुद्रणाचा प्रघात १९२५ सालीं सुरू झाला. तोंपर्यंत जगांतील बहुतेक सर्व तबकड्या याच रीतीनें झाल्या. कोणीं कर्ण्याच्या जवळ बसावें व कोणीं दूर, हाच त्या काळचा मिक्सर होता. मंडळी रोज एकत्र गाणारी असतील आणि खोली चांगली असेल, तर आजही दोन माइक योग्य जागीं ठेवून, माणसांना मागेंपुढें बसवून, सुरेख मुद्रण होतें. अधिक माइक हवेत ते निवाडा मागाहून करण्याची मोकळीक हवी असते म्हणून. ती मोकळीक आपल्याला खरोखर हवी आहे काय, हें प्रथम स्वतःला विचारावें. आमच्या उदाहरणांतील बुवांसाठीं ती हवी आहे. कारण चाल पुढच्या पिढीला शिकावयाची तर गळा स्वच्छ ऐकूं आला पाहिजे, आणि टाळ कितीही गोड वाजले तरी त्यांच्याखालीं शब्द बुडतां कामा नयेत.

ही मोकळीक देणारा तिसरा मार्ग प्रकाशाच्या केबलचा आहे, आणि ज्यांच्या इंटरफेसला तशी खांच आहे त्यांना तोच सर्वांत सोयीचा. याचा इतिहास थोडा मनोरंजक आहे. अमेरिकेंतील अलेसिस कंपनीनें १९९१ सालीं 'एडॅट' नांवाचें यंत्र जाहीर केलें व पुढील वर्षीं तें विक्रीस आणलें. व्हिडिओच्या एस-व्हीएचएस फितीवर हें यंत्र आठ ट्रॅक मुद्रित करी. दोन यंत्रें जोडण्यासाठीं कंपनीनें जी योजना केली, तींत आठही ट्रॅक एकाच बारीक केबलमधून प्रकाशाच्या रूपानें जात. फितीचें यंत्र आज कामांतून गेलें आहे, पण त्याची ही केबल मात्र टिकली. माइकच्या आठ खांचा, आठ प्रीअँप व आठ कन्व्हर्टर एकत्र असलेलीं उपकरणें मिळतात. त्यांच्यापासून एक प्रकाशाची केबल आपल्या इंटरफेसच्या 'एडॅट इन' खांचेंत घातली कीं आठ माइकांची एकदम भर पडते. इंटरफेसला आधींच चार माइक असतील तर एकूण बारा होतात.

या मार्गांत तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, आठ ही संख्या सेकंदाला ४४,१०० वा ४८,००० मापें घेतांना खरी आहे. ९६,००० मापें घ्यावयाचीं ठरविल्यास त्याच केबलमधून चारच माइक येतात, आणि १,९२,००० घेतल्यास दोनच. भजनाच्या मुद्रणास ४८,००० पुरेसे आहेत. दुसरी, प्रकाशाची ही खांच दिसावयास घरांतील दूरदर्शन-संचाच्या वा सीडी-वादकाच्या खांचेसारखीच असते, कारण दोहोंची घडण तोशिबा कंपनीनें १९८३ सालीं आणलेल्या एकाच नमुन्याची आहे. तथापि दूरदर्शन-संचाच्या खांचेंतून 'एसपीडिफ' नांवाच्या पद्धतीनें दोनच ट्रॅक जातात. आपल्या इंटरफेसची खांच 'एडॅट' जाणते कीं केवळ 'एसपीडिफ', हें त्याच्या माहितीपुस्तिकेंत पाहिल्यावांचून आठ माइकांचें उपकरण घेऊं नये. तिसरी गोष्ट घड्याळाची. ती सर्वांत महत्त्वाची असून सर्वांत अधिक दुर्लक्षिलेली आहे.

आतां दोन उपकरणें झालीं, आणि प्रत्येकाच्या पोटांत स्वतःचें घड्याळ आहे. दोन्ही घड्याळें सेकंदाला ४८,००० ठोके देण्याचें कबूल करतात. पण कोणतींही दोन घड्याळें तंतोतंत सारखीं चालत नाहींत. पखवाजी एका लयींत व टाळकरी किंचित् दुसऱ्या लयींत वाजवूं लागले, तर पहिल्या आवर्तनांत कोणाच्या ध्यानांत येणार नाहीं. पण दहाव्या आवर्तनांत समेचा मेळ राहणार नाहीं. तसेंच येथें होतें. दोन घड्याळांत दर दहा लाख ठोक्यांमागें केवळ वीस ठोक्यांचा फरक असला, तरी तासाभरांत तो ३,४५६ ठोक्यांचा, म्हणजे सेकंदाच्या चौदाव्या भागाएवढा होतो. प्रकाशाच्या केबलनें जोडलेल्या उपकरणांत तर हा फरक साठण्याचीही वाट पाहत नाहीं. ठोका चुकला कीं मुद्रणांत 'टक्' असा आवाज येतो, आणि असे टकटक आवाज भजनभर विखुरलेले सांपडतात. ते मागाहून काढणें अतिशय कष्टाचें असतें.

उपाय सोपा आहे. दोहोंपैकीं एका उपकरणास धनी करावें व दुसऱ्यास त्याच्या ठोक्यावर चालावयास सांगावें. इंटरफेसच्या आज्ञावलींत 'क्लॉक सोर्स' अशी एक निवड असते. तेथें 'इंटर्नल' च्या जागीं 'एडॅट' निवडलें कीं, तो बाहेरून येणाऱ्या आठ माइकांच्या उपकरणाचा ठोका धरतो. यासाठीं एकच प्रकाशाची केबल पुरते, कारण ठोका आवाजाबरोबरच येतो. उलट इंटरफेसला धनी करावयाचें असेल, तर त्याच्याकडून त्या उपकरणाकडे जाणारी दुसरी प्रकाशाची केबल, अथवा 'वर्ड क्लॉक' ची स्वतंत्र केबल लावावी लागते. दोन्ही उपकरणांवर मापांची संख्या एकच, म्हणजे ४८,००० तर ४८,०००, ठेवावी. मग दहा मिनिटें मुद्रण करून हेडफोननें शांतपणें ऐकावें. एकही 'टक्' ऐकूं आला नाहीं तरच जोडणी बरोबर झाली असें समजावें.

चौथा मार्ग पुष्कळांना प्रथम सुचतो : दोन माइकांचा आणखी एक इंटरफेस घ्यावा व दोन्ही संगणकाला जोडावे. येथेंही घड्याळाचाच प्रश्न आडवा येतो. ऍपलच्या मॅक संगणकांत 'ऑडिओ मिडी सेटअप' मध्यें दोन उपकरणांचें एक संयुक्त उपकरण बनवितां येतें, आणि 'ड्रिफ्ट करेक्शन' ची खूण केली म्हणजे संगणक दोन घड्याळांमधील फरक गणितानें सांवरून घेतो. साध्या कामास हें चालतें. विंडोज संगणकांत मुद्रणासाठीं जी पद्धत रूढ आहे, ती 'असिओ', जर्मनींतील स्टाइनबर्ग कंपनीनें १९९७ सालीं आणली. तींत सामान्यतः एका वेळीं एकाच ड्रायव्हरशीं व्यवहार होतो. कांहीं उत्पादक आपलींच दोन उपकरणें एका ड्रायव्हराखालीं चालूं देतात; पण दोन भिन्न कंपन्यांचीं उपकरणें एकत्र नांदतील अशी आशा धरून पैसे खर्चूं नयेत.

वेगळा खिशांतील रेकॉर्डर जवळ ठेवून त्यावर आणखी दोन ट्रॅक घेणें, हा याच मार्गाचा एक पोटभेद. आरंभीं एकदां व शेवटीं एकदां मोठी टाळी वाजवावी. मागाहून संगणकांत पहिली टाळी पहिलीशीं जुळवावी, आणि शेवटची जुळत नसेल तर त्या ट्रॅकची लांबी तेवढी ताणून वा आंखडून घ्यावी. प्रत्येक अभंगापूर्वीं टाळी वाजविली तर फरक साठावयास अवकाशच मिळत नाहीं. गरिबीची ही युक्ति आहे. पण कमअस्सल नव्हे.

पांचवा व शेवटचा मार्ग म्हणजे जुना इंटरफेस विकून आठ माइकांचा नवा घेणें. ज्यांच्याजवळ केवळ दोन खांचांचें, प्रकाशाची खांच नसलेलें उपकरण आहे, त्यांना स्वतंत्र ट्रॅक हवे असल्यास बहुधा हाच मार्ग उरतो. आणि जोडाजोडींत पैसे घालविण्यापेक्षां तो पुष्कळदां स्वस्त पडतो. मात्र ज्याला वर्षांतून एकदांच आठ माइक लागतात, त्यानें विकत कशासाठीं घ्यावें? सोळा वा बत्तीस माइकांचे अंकीय मिक्सर, जे प्रत्येक माइकचा स्वतंत्र ट्रॅक यूएसबीवर देतात, ते आतां पुष्कळ साउंडवाल्यांकडे असतात. दोन दिवसांच्या भाड्यानें असा मिक्सर आणावा. एक दिवस चांचणीस, दुसरा प्रत्यक्ष कामास.

इनपुट वाढले म्हणजे काम संपलें असें नाहीं. कांहीं नव्या जबाबदाऱ्या येतात. कंडेन्सर जातीच्या माइकांना ४८ व्होल्टची 'फँटम' वीज लागते. ती अनेक उपकरणांवर चार-चार माइकांस एकाच बटणानें मिळते, म्हणून एका गटांत कोणते माइक येतात हें आधीं पाहून ठेवावें. जुन्या रिबन जातीच्या माइकांस ही वीज अपायकारक ठरूं शकते. त्यांना वेगळ्या गटांत जोडावें. आठ माइकांची वीज संगणकाच्या यूएसबीवर भागत नाहीं, म्हणून अशा उपकरणांस स्वतःची वीज द्यावी लागते. सर्व उपकरणें अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर लावावीं, नाहीं तर मुद्रणांत गुंऽ असा घोगरा नाद येतो. आणि जेथें वीज जाण्याचें भय आहे तेथें इन्व्हर्टरची सोय आधींच करावी.

याहून महत्त्वाची गोष्ट खोलीची. उघडे माइक दुप्पट केले कीं खोलींतील पंख्याचा, रस्त्याचा व भिंतींवरून परतणाऱ्या नादाचा गोंगाट सुमारें ३ डेसिबलनें वाढतो. एकाचे आठ झाले म्हणजे ही वाढ ९ डेसिबल होते. शिवाय एकच आवाज दोन माइकांत थोड्या अंतरानें शिरला, तर दोन्ही एकत्र ऐकतांना त्याचे कांहीं स्वर दबून जातात. आवाज एका सेकंदांत सुमारें ३४३ मीटर जातो. पेटी एका माइकपेक्षां दुसऱ्यापासून ३४ सेंटिमीटर दूर असली, तर तिचा नाद दुसऱ्यांत सेकंदाचा एक हजारांश भाग उशिरां पोंचतो, आणि दोन्ही मिसळल्यावर सेकंदाला ५०० कंपनांच्या आसपासचा भाग खचतो. पेटी 'डब्यांत वाजल्यासारखी' वाटते ती यामुळें. म्हणून तंत्रज्ञांचा एक साधा नियम आहे : माइक आपल्या वाद्यापासून जितका दूर असेल, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांमध्यें असावें. बुवा स्वतःच पेटी वाजवीत गात असतील तर हा नियम पाळणें कठीण. मग गळ्याचा माइक अगदीं जवळ घ्यावा, आणि पेटी त्यांत थोडी येणारच हें गृहीत धरावें.

आतां आमच्या भजनी मंडळाचा हिशेब मांडूं. बुवांना एक, पेटीला एक, पखवाजाच्या दोन पुड्यांना दोन, वीणेला एक, टाळकऱ्यांना डावीउजवीकडून दोन, आणि सगळ्यांपासून दूर, खोलीचा एकंदर नाद घेणारा एक. असे आठ झाले. टाळ प्रत्येकाला एक माइक देण्याची गरज नाहीं. टाळकऱ्यांना अर्धवर्तुळांत, बुवांपासून कांहीं हात दूर बसवावें. ज्या माइकची पाठ बहिरी असते असा 'कार्डिऑइड' जातीचा माइक बुवांपुढें असा ठेवावा कीं, त्याची पाठ टाळांकडे येईल. प्रत्येक माइकची पातळी ठरवितांना मंडळींना ऐन रंगाच्या वेळीं गातात तसें गावयास सांगावें. आणि मोठ्यांत मोठा आवाज कमाल मर्यादेच्या निदान १० डेसिबल खालीं राहील असें पाहावें. २४ बिटांच्या मुद्रणांत पातळी थोडी कमी राहिली तर कांहीं बिघडत नाहीं. पण मर्यादा ओलांडलेला स्वर फाटला तो फाटलाच.

आठ ट्रॅकांच्या एका तासाच्या मुद्रणास ४ गिगाबाइटांहून थोडी अधिक जागा लागते. तीन तासांचा कार्यक्रम १३ गिगाबाइटांत मावतो. तेवढी जागा संगणकांत मोकळी आहे ना, हें आधीं पाहावें. मंडळी घरीं जाण्यापूर्वींच मुद्रणाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. आणि आठ माइकांची सर्व व्यवस्था चोख असली तरी दोन ट्रॅकांचा एक साधा रेकॉर्डर कोपऱ्यांत चालूं ठेवावा. मोठी व्यवस्था दगा देऊं शकते. लहान व्यवस्था सहसा देत नाहीं.

तात्पर्य इतकेंच कीं, खरेदीपूर्वीं तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहावीं. मला स्वतंत्र ट्रॅक हवेत कीं केवळ अधिक माइक? माझ्याजवळ प्रीअँप कमी आहेत कीं कन्व्हर्टरही? आणि सगळीं यंत्रें कोणाच्या ठोक्यावर चालणार? ज्याला हीं उत्तरें सांपडलीं, त्याला दुकानदारानें दाखविलेल्या दहा उपकरणांपैकीं नऊ आपोआप बाजूला सारतां येतात. मग पैसा वांचतो, वेळ वांचतो, आणि मुख्य म्हणजे ज्या दिवशीं बुवा गावयास बसतात त्या दिवशीं आपलें लक्ष केबलींकडे न राहतां गाण्याकडे राहतें. तें तसें राहावें, यासाठींच हा सारा खटाटोप.